दहा गायींचं राहू द्या, आधी कडबा राखा

पत्र:

ताई, आम्ही बहीण-भाऊ मंगळवेढा तालुक्यातले. मी २४ वर्षांचा, बहीण २१ ची. तीन वर्षं चाकणला कंपनीत होतो, कंत्राट संपलं, गावी आलो. बहिणीचं बीएस्सी झालंय. साडेतीन एकर रान आहे. त्यातलं एकरभर बोअरवर भिजतं, बाकी ज्वारीचं जिराईत. दारात वडिलांची एक खिलार गाय आहे. आम्हाला दूधधंदा करायचाय. साठवलेले एक लाख ऐंशी हजार आहेत. कर्ज काढून दहा एचएफ (होल्स्टीन) गायी आणि पत्र्याचा पक्का गोठा करावा असं मनात आहे. मोबाईलवर बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत दहा गायींचाच हिशेब असतो. वडील म्हणतात, "शिकून शेणच काढायचं होतं तर शाळेत कशाला घातलं?" आई काहीच बोलत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

पोरांनो,

पत्र दोनदा वाचलं. त्यात गोठा आहे, कर्ज आहे, गायीची जात आहे. पण त्या दहा गायी खाणार काय, याची एक ओळही नाही. म्हणून दहाचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. दोन जनावरांनी सुरुवात करा, आणि तीही आत्ता नकोत, दिवाळीनंतर आणा. मधल्या महिन्यांत काय करायचं ते सांगते.

मी सांगोला तालुक्यात अठ्ठावीस वर्षं जनावरं सांभाळतेय. आमच्याकडे जे गोठे मोडले, त्यातले रोगराईनं थोडे मोडले आणि वैरणीपायी जास्त. २०१९ च्या दुष्काळात माझी जनावरं चारा छावणीत होती. ताडपत्रीखाली, जनावरांच्या शेजारीच आमची अंथरुणं. पलीकडच्या दावणीला एका तरुण पोराच्या सहा एचएफ गायी होत्या. घरी त्याचा गोठा माझ्यापेक्षा कितीतरी देखणा, खाली काँक्रीट, वर रंगीत पत्रा. पण गंजीत एक पेंढी नव्हती. उन्हाळा संपेपर्यंत त्यातल्या चार गायी त्यानं मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या. कर्जाचे हप्ते मात्र सहा गायींचे राहिले. तो पोरगा आळशी नव्हता. त्याला कुणी वैरणीचा हिशेब मांडून दाखवला नव्हता, एवढंच.

तो हिशेब असा. एका दुभत्या गायीला दिवसाला २० किलोच्या आसपास हिरवा चारा आणि ५ ते ६ किलो वाळली वैरण लागते. म्हणजे दोन जनावरांना वर्षाला साडेचौदा टन हिरवं आणि चार टनांच्या वर कडबा. पेंढी दीड-दोन किलोची धरली तर अडीच हजारांच्या घरात पेंढ्या झाल्या. दहा गायींना हे पाचपट करा आणि मग आपल्या एकरभर बागायताकडे बघा.

आता तुमची जमेची बाजू. अडीच एकर ज्वारी तुमच्या घरचीच आहे. मालदांडी ज्वारीच्या कडब्यासारखी वाळली वैरण दुसरीकडे शोधून सापडायची नाही, आणि तोच कडबा आपण सुगीत शेकड्याच्या भावानं गाडीत भरून देतो. यंदा देऊ नका. ज्वारीची काढणी झाली की सगळा कडबा घरी आणून गंज लावा. खाली दगड-लाकडं टाका, वर ताडपत्री आवळून बांधा. कमी पडेल तेवढा फेब्रुवारी-मार्चमध्येच विकत घ्या, कारण सुगीत भाव उतरलेला असतो आणि मे महिन्यात तोच कडबा हात लावू देत नाही. तुमच्या साठवणीतली पहिली खरेदी गायीची नको, कडबा कुट्टी मशीनची करा. अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की गाय पाला ओढून खाते आणि बुडखे पायाखाली तुडवते. कुट्टी केली तर तेच बुडखे पोटात जातात.

हिरव्यासाठी पाऊस पडला की बोअरखालच्या पंधरा गुंठ्यांत नेपियर गवत लावा. फुले जयवंत किंवा बीएनएच-१० चं बेणं घ्या, दोन डोळ्यांच्या कांड्या. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढं दर दीड-दोन महिन्यांनी. पाणी पुरलं तर दोन जनावरांची सोय यात होते. पण उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून खरिपात आणखी दहा गुंठे मका करा, आफ्रिकन टॉल. कणसातला दाणा चिकात आला की कापून कुट्टी करायची आणि मुरघासाच्या, म्हणजे आंबवून टिकवायच्या चाऱ्याच्या, बॅगांत भरायची. भरताना थर टाकला की पायानं तुडवायचं, पुन्हा थर, पुन्हा तुडवायचं. हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड घट्ट बांधून दीड महिना हात लावायचा नाही. उघडल्यावर आंबूस-गोड वास आला आणि रंग पिवळसर हिरवा दिसला तर जमलं. अशा चार-पाच टनांत दोन जनावरांचे उन्हाळ्याचे शंभर दिवस निघतात.

आपल्या भागातल्या दोन खोडी इथंच सांगून ठेवते. हंगामात उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) स्वस्त मिळतं म्हणून नुसतं वाढ्यावर जनावर ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, मग दूध घटतं आणि माजही लांबतो. वाढं दिलं तर कडब्यात मिसळून द्या आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका. दुसरी खोड, पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचा फुटवा. त्यानं किराळ, म्हणजे विषबाधा, लागते आणि तासाभरात जनावर जातं. वडिलांना हे ठाऊक असेल, त्यांना विचारा. असल्या गोष्टी त्यांना विचारत राहा.

चारा वाढतोय तोवर तुम्ही दोघं शिका. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा. पण त्याहून मोलाचं म्हणजे दहा-पंधरा जनावरं असलेल्या एखाद्या ओळखीच्या गोठ्यावर दोन महिने पहाटे-संध्याकाळ राबा. पगार मागू नका, धार मागा. पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, घरात लग्न असो की मयत, कास रिकामी करावीच लागते. हे दोन महिन्यांत अंगवळणी पडलं तर तुम्ही या धंद्यातले. नाही पडलं तर एक लाख ऐंशी हजार तसेच राहतील, तेही काही वाईट नाही.

आता खरेदी. इथं माझी चूक सांगते. पहिली गाय मी बाजारातून आणली, १८ लिटरची म्हणून. कास अशी ताठ भरलेली की सडांतून दूध ठिबकत होतं. मी भुलले. घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी नऊ लिटरवर आली. विकणाऱ्यानं आदल्या संध्याकाळची धार काढलीच नव्हती, कास तुंबवून आणली होती. आणि मागचं डावं सड जवळपास बंद होतं. चार दिवसांनी माझ्या सासूबाईंनी हात लावून सांगितलं, "हे थान कडक लागतंय." मी तोवर त्या सडाला नीट हातही लावला नव्हता.

म्हणून शक्यतो गाय बाजारातून घेऊ नका, गोठ्यावरून घ्या. सलग तीन धारा तुमच्यासमोर काढायला लावा, संध्याकाळ, सकाळ, पुन्हा संध्याकाळ. पहिली धार सोडून द्या, पुढच्या दोनच खऱ्या. चारही सडांच्या सुरुवातीच्या चिळा काळ्या कापडावर घ्या. गुठळी, पाणी, रक्ताचा तार, काहीही दिसलं तर दावं सोडून द्या. धार निघाल्यावर कास हातरुमालासारखी सैल पडली पाहिजे. धार काढूनही घट्ट राहणारी कास मांसाची असते. दात बघा. चार दाती किंवा सहा दाती, दुसऱ्या वेतातली, व्यायला महिना-दीड महिना झालेली गाय पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी बरी. दात जुळलेली, म्हणजे सगळे दात पुरे आलेली, असली तर तिचं वय मालकाच्या तोंडावर मोजावं लागतं. कानातला १२ अंकी बिल्ला तपासा, त्यावरून लसीकरणाची आणि रेतनाची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात बघायला मिळते. ब्रुसेला तपासल्याशिवाय कुठलंही जनावर दारात आणू नका. त्यानं गाय गाभ टाकते, आणि तो रोग माणसालाही लागतो.

कुठली दोन? माझं मत विचाराल तर एक संकरित गाय आणि एक पंढरपुरी म्हैस. एचएफचं रक्त फार चढलेली गाय आपल्या ४२-४३ अंशांच्या उन्हात दिवसभर धापा टाकते, खाणं सोडते. निम्म्या रक्ताची, १०-१२ लिटरची गाय इथं निभते. पंढरपुरी म्हैस तर आपल्याच मातीतली. खांद्यामागं गेलेली तलवारीसारखी शिंगं, त्यामुळं दावणीला तिला जागा जास्त लागते. पण ऊन सोसते, कडब्यावर निभावते आणि फॅट चांगलं देते. दूध गायीपेक्षा कमी, हे मान्य. दोघींच्या वेतात तीन-चार महिन्यांचं अंतर ठेवलंत तर एक आटली तरी दुसरीचं दूध चालू राहतं, डेअरीचा दहा दिवसांचा पगार थांबत नाही.

बहिणीनं पत्राखाली वेगळ्या अक्षरात विचारलंय, "आमच्या खिलारचं काय?" तिला ठेवा, पोरी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून चांगल्या खोंडाला पुन्हा मोल आलंय. मात्र ती दोन-तीन लिटरची गाय आहे, तिच्या खोंडाच्या भरवशावर घरखर्चाचा हिशेब मांडू नका. ते वडिलांचं ज्ञान आहे आणि त्यांचा जीव आहे तिच्यात.

यानंतरचं मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण व्हिडिओंत नेमकं हेच नसतं. तिथं लिटर गुणिले दर गुणिले ३६५ करतात. गाय ३६५ दिवस सारखं दूध देत नाही. व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांत ती शिखरावर जाते आणि तिथून उतरत राहते. साधारण दहा महिने दूध, पुढच्या वेताआधी दोन महिने भाकड. तिनं वर्ष-सव्वा वर्षाला एकदा वेत दिलं तरच हा धंदा पोट भरतो. त्यासाठी व्यायल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांच्या आत ती गाभण राहिली पाहिजे. माज २१ दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला की २१ दिवस गेले. तीन सुटले की दोन महिने. त्या दोन महिन्यांत गाय चार-पाच लिटरवर आलेली असते आणि खाणं मात्र तेवढंच खाते. कर्जाचा हप्ता इथंच थकतो, आणि माणूस म्हणतो दुधाला भाव नाही.

माज बघायचा तर पहाटे, धारेच्या आधी अंधारात, आणि रात्री जेवणानंतर. गाय उगाच हंबरते, दुसरीच्या अंगावर चढते, दूध एकदम लिटरभर चोरते. शेपटीच्या मुळाशी बघा, काचेसारखा स्वच्छ, लांब, न तुटणारा सोट लोंबत असतो. सोट पांढुरका किंवा पुवासारखा असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, भरवू नका, म्हणजे रेतन करू नका. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख लगेच लिहा, भिंतीवर कोळशानं नको, वहीत. एकविसाव्या दिवशी पुन्हा बघा. दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासून घ्या. ही वही बहिणीनं ठेवावी असं मला वाटतं. बीएस्सी झालेल्या मुलीचा डोळा आणि नोंद दोन्ही पक्की असते, आणि गोठ्याचा खरा कारभार त्या वहीतून चालतो.

रेतन करताना लिंगनिश्चित रेतमात्रा मागा, त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. संकरित गोऱ्ह्याचं आज काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात आहे. तो पोटचा असल्यागत पोसावा लागतो आणि २०१५ पासूनच्या कायद्यानं त्याला कत्तलीला देता येत नाही. कालवड मात्र तुमचं भांडवल आहे. तुमच्याकडं पैसा कमी आहे, पण वय आहे. पन्नाशीतला माणूस अडीच वर्षं थांबायला कचरतो, तुम्ही थांबू शकता. जन्मल्यावर तासा-दोन तासांत तिला अडीच-तीन लिटर चीक पाजा, वार पडायची वाट बघत बसू नका. नाळेला आयोडीन लावा. दहाव्या दिवशी जंताचं औषध, आणि चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस, ती आयुष्यात एकदाच असते. पंधरा-सोळा महिन्यांत अडीचशे किलोच्या आसपास वजन भरलं की भरवा. सव्वादोन-अडीच वर्षांत घरची पहिलारू उभी राहते. तिची आई तुम्हाला माहीत, तिचा रोग तुम्हाला माहीत, दलालाला रुपया नाही. अशा वाटेनं पाच वर्षांत दोनाची पाच-सहा होतात. दहा नाही होणार. तोवर तुमच्या चाऱ्याला जेवढं पेलेल तेवढाच गोठा असेल.

गोठ्यावर पैसे घालू नका. जनावर मोकळं सोडा. तारेच्या जाळीचं कुंपण, मधे लिंबाचं झाड असेल तर सोन्याहून पिवळं, एका बाजूला उंच छप्पर. दर जनावरामागं छपराखाली ४० चौरस फूट आणि मोकळी ८० चौरस फूट जागा पुरे. छपराची लांबी पूर्व-पश्चिम धरा म्हणजे ऊन आत शिरत नाही. पत्रा टाकलाच तर उन्हाळ्यात वर पाचट अंथरा. पाण्याची टाकी चोवीस तास भरलेली हवी. धार काढल्याबरोबर गव्हाणीत चारा टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, लगेच शेणात बसली की कासदाह होतो.

लसी तुमच्या दवाखान्यातून घ्या, लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी. २०२२ च्या लंपीनं किती दारं रिकामी केली ते तुम्ही पाहिलंयच. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा नंबर गोठ्याच्या खांबावर लिहून ठेवा. विमा पहिल्या दिवशी. कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या, नाहीतर गाय मेल्यावर दावा अडतो.

कर्जाबद्दल एवढंच. २०२४ मध्ये गायीच्या दुधाचा दर इतका पडला की सरकारला लिटरमागं ५ रुपयांचं अनुदान द्यावं लागलं. तसे दिवस पुन्हा येणार नाहीत असं कुणी सांगू शकत नाही. पहिली दोन जनावरं स्वतःच्या पैशानं घ्या आणि साठवणीतले चाळीस हजार पेंडीला, औषधाला राखून ठेवा. १२ लिटरच्या गायीला रोज सहा किलोच्या आसपास खुराक लागतो, तो उधारीवर उचलायची सवय लागली की दुधाचा पगार दुकानदाराचा होतो. पशुसंवर्धन विभागाची दोन दुधाळ जनावरांच्या गटाची अनुदान योजना आहे, तिची पंचायत समितीत चौकशी करा. एक वेत पुरं होऊ द्या, मग पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड बघा.

वडिलांचं बोलणं मनाला लागलं असेल. पण ते शेणावर रागावलेले नाहीत. त्यांनी आयुष्यभर शेण काढलं आणि तुम्ही त्यातून सुटावं म्हणून शाळेत घातलं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काम द्या. दोन जनावरांचं वर्षाला आठ-नऊ टन शेण निघतं. खताची ट्रॉली आज केवढ्याला पडते हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या जिरायतात दोन वर्षं घरचं शेणखत पडू द्या, ज्वारीचं कणीस त्यांना सांगेल ते तुमच्या शंभर शब्दांनी होणार नाही.

आणि आई. ती काही बोलत नाही असं लिहिलंत. आमच्या भागात धार आई काढते, वैरण आई घालते, आणि डेअरीचं खातं वडिलांच्या नाहीतर मुलाच्या नावावर असतं. ती गप्प आहे कारण दहा गायी आल्या तर त्यातल्या सात तिच्याच हाताखाली येणार, हे तिला दिसतंय. काम कुणी किती करायचं ते आधी ठरवा, तिच्यासमोर बसून. म्हशीचं दूध तिच्या नावावर घाला, तिचा पगार तिच्या खात्यात. आणि उद्या बहीण लग्न करून गेली तर तिनं वाढवलेल्या कालवडीतला तिचा वाटा काय, तेही आत्ताच बोलून घ्या. नंतर हे बोलणं जड जातं.

कडब्याची गंज लागली की मला कळवा, मक्याच्या बॅगा भरल्या की पुन्हा कळवा. दिवाळीनंतर एका रविवारी सांगोल्याच्या बाजारात आपण तिघं भेटू. पैसे आणू नका, त्या दिवशी काही घ्यायचं नाही. नुसतं दावणीदावणीनं फिरू, मी दात उघडून दाखवीन, कासेला हात लावून दाखवीन, आणि कुठल्या गायीची धार तुंबवलीय ते तुम्ही दोघांनी मला सांगायचं.